थोरल्या सिस्टरचे कान

मुलांच्या वॉर्डात एकाच घरातल्या दोन सिस्टर होत्या, नणंद आणि भावजय. आडनाव एकच असल्यामुळे कुणी हाक मारली की दोघी वळायच्या. शेवटी वैतागून कुणीतरी एकीला थोरल्या सिस्टर आणि दुसरीला धाकट्या सिस्टर करून टाकलं. ते इतकं रुळलं की डॉक्टरही तसंच म्हणायला लागले.

थोरल्या सिस्टर म्हणजे घरातल्या ताई, धाकटीच्या नवऱ्याची मोठी बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा भाऊ शाळेत होता. ताईंनी ड्यूट्या करून त्याला वाढवलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की, "एक पोर पदरात आहे, आणखी एक नवरा कुठं सांभाळू?" म्हणून हसण्यावारी न्यायच्या. धाकटीला घरात आणलं तेही त्यांनीच. ती शिकाऊ म्हणून वॉर्डात आली होती. सुई पाहून थयथयाट करणाऱ्या एका पोराला तिनं बोलता बोलता कधी टोचलं ते त्यालाही कळलं नाही. ताई त्याच संध्याकाळी भावाला म्हणाल्या, "पोरगी बघून ठेवलीय. तू फक्त नाही म्हणू नकोस."

म्हणजे धाकटीच्या हातातलं काम ताईंनी शिकवलेलं आणि डोक्यावरचं घरही ताईंनीच दिलेलं. हे ताईंनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळेच ते ओझं जास्त वाटायचं.

ताईंच्या ऐकण्यात काहीतरी बिघडलंय, हे धाकटीच्या लक्षात आलं ते हळूहळू. आधी घरातल्या टीव्हीचा आवाज वाढला. मग दारावरची बेल वाजली तरी ताई बसलेल्याच राहू लागल्या. पाठमोऱ्या असताना हाक मारली तर ओ यायची नाही, समोर गेलं की लगेच हसून बोलायच्या. वॉर्डात डॉक्टर मास्क लावून काही सांगायला लागले की ताई म्हणायच्या, "आधी ते तोंडाचं फडकं खाली घ्या. पुटपुटताय काय नव्या नवरदेवासारखं?" सगळा वॉर्ड हसायचा, डॉक्टरही हसत मास्क खाली घ्यायचे. धाकटी हसायची, पण मनात पाल चुकचुकायची.

तिनं कुणाला विचारलं नाही. फोन वाजला की ताईंच्या आधी जाऊन उचलायला लागली. कामाची वाटणी करताना ताईंच्या वाट्याला सिस्टरांच्या टेबलासमोरचे बेड येतील असं बघायला लागली. वय झालंय, थोडं कमी ऐकू येत असेल, एवढ्यानं काय बिघडतंय, अशी मनाची समजूत घालायची आणि कामाला लागायची.

मग एका दुपारी ते घडलं.

टॉन्सिलचं ऑपरेशन झालेल्या एका मुलाला थिएटरमधून नुकतंच वॉर्डात आणलं होतं. अशा मुलाच्या घशात रक्त किंवा कफ साचून श्वास अडू शकतो, म्हणून त्याला कुशीवर निजवून बोटाला मॉनिटरची चिमटी लावतात. रक्तातला प्राणवायू कमी झाला की यंत्र ओरडतं. मुलाची आई वडलांना फोन करायला बाहेर गेली होती, धाकटी औषधं आणायला खाली. वॉर्डात ताई होत्या.

औषधांचा ट्रे घेऊन धाकटी जिना चढून वर आली, तर मॉनिटरचा आवाज पार कॉरिडॉरपर्यंत येत होता. ती पळत सुटली. ताई शेजारच्याच बेडवर, त्या मुलाकडे पाठ करून, नवी चादर घालत होत्या. कोपरे नीट खोचत होत्या. गुणगुणतही होत्या.

मुलाचे ओठ निळे पडले होते.

धाकटीनं ट्रे तसाच टाकला. ताईंना ती धावताना दिसली, त्या गर्रकन वळल्या, आणि पुढचं सगळं त्या दोघींनी असं केलं, जणू एकाच माणसाला चार हात असावेत. ताईंनी मुलाचं डोकं धरून जबडा वर उचलला, धाकटीनं सक्शनची नळी घशात घालून रक्ताची गाठ ओढून काढली, ताईंनी ऑक्सिजनचा मास्क चढवला. मूल खोकलं, रडलं. ते रडणं ऐकून धाकटीच्या जिवात जीव आला.

सर्जन धावत आले. मूल तपासून म्हणाले, "बरं झालं वेळेत बघितलंत. अलार्म कधी वाजला?"

"वाजल्याबरोबर धावलो की आम्ही," ताई म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी तो तेव्हाच वाजला होता. धाकटीनं तोंड उघडलं आणि मिटलं. सर्जन निघून गेले. आई परत आली, काय झालं ते कळल्यावर तिनं धाकटीचे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. "सिस्टर, तुम्ही होता म्हणून माझं बाळ आहे." धाकटीला ते हात सोडवून घ्यावेसे वाटले.

पलीकडच्या बेडवरच्या मुलीचे वडील सारं बघत होते. धाकटी जमिनीवरच्या बाटल्या गोळा करत असताना ते हळूच म्हणाले, "मी त्या मोठ्या बाईंना दोनदा सांगितलं, यंत्र वाजतंय म्हणून. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, त्यांना माहीत असेल, नेहमीचंच असेल. आपण कशाला मध्ये बोलायचं?"

घरी गेल्यावर धाकटीनं ताईंच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि त्यांच्या समोर बसली, ओठ दिसतील अशी.

"ताई, तुम्हाला ऐकू येत नाही."

ताईंनी हातातली घडी करायची ओढणी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बारीक आवाज येत नाहीत. माणसं समोर असली की कळतं सगळं."

"आज यंत्र ओरडत होतं, ताई. मला जिन्यावर ऐकू आलं."

ताईंचा चेहरा उतरला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"मला काय ठाऊक? मी खाली होते."

ताईंनी दोन्ही तळहात मांडीवर पालथे घातले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. "कानाच्या डॉक्टरकडे गेले होते मी. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात, आपलं कुणी भेटू नये म्हणून. त्यांनी मशीन घ्या म्हणून सांगितलं. पण मशीन लावून वॉर्डात गेले की दुसऱ्या दिवशी मला धुण्याचे कपडे मोजायला बसवतील. मला दुसरं काय येतं गं?" मग एकदम तिचं मनगट धरून म्हणाल्या, "आपण ड्यूटी एकत्रच घेऊ. तू माझे कान हो. हात अजून माझेच आहेत, बघितलंस ना आज?"

धाकटीनं बघितलं होतं. तिला नाही म्हणता आलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग घे की एकत्र ड्यूटी. तिनं आपल्यासाठी काय काय केलंय."

तसं सुरू झालं. ताई जिकडे, तिकडे धाकटी. ताईंचे बेड ते हिचेही बेड. यंत्र कुठलंही वाजलं तरी हीच उठायची. जेवताना घास तोंडात घेऊन वॉर्डाच्या दाराकडे कान लावून बसायची. एका बाळाला औषध द्यायला तिला उशीर झाला, कारण ती ताईंच्या बाजूला थांबली होती. बाळाच्या आजीनं तोंडावर सुनावलं, "तुमचं लक्ष कुठंय, सिस्टर?" ताईंना वाचवता वाचवता आपलाच तोल जातोय, हे तिला कळत होतं. आणि टॉन्सिलच्या त्या मुलाचे निळे ओठ डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

अशातच मेट्रननी तिला बोलावून घेतलं. सगळ्या नर्सांच्या वर असलेल्या या बाई, कमी बोलणाऱ्या आणि कडक शिस्तीच्या. त्यांनी सांगितलं, "सोमवारपासून तुम्ही हाडांच्या वॉर्डात. तिथं माणसं कमी आहेत."

"मॅडम, मला इथंच राहू द्या."

"का?"

धाकटीनं सबबी शोधल्या. घरचं, तब्येतीचं, एकही जिभेवर येईना. सोमवारी ताई एकट्या असतील, हे एकच डोक्यात होतं. मूग गिळून घरी जायचं आणि सोमवारी वॉर्डातलं एखादं मूल नशिबावर सोडायचं? ती खुर्चीत बसली, परवानगी न विचारताच, आणि सगळं सांगून टाकलं. टीव्हीपासून चादरीपर्यंत सगळं.

मेट्रननी सगळं ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"शंका... बरेच दिवस. खात्री त्या दुपारी झाली."

"आणि त्यानंतर गप्प राहिलात." त्यांचा आवाज चढला नव्हता. "नर्स म्हणून आपली नोंदणी होते तेव्हा आपण कशावर सही करतो? सोबतच्या माणसामुळे रुग्णाला धोका असेल तर ते सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे. ती नणंद असो की आई. सांगितलंत ते बरं केलंत. पण उशिराबद्दल तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. आणि त्या मुलाच्या आईला खरं काय झालं ते कळायला हवं. तेही तुमच्यासमोर."

त्याच दिवशी ताईंना वॉर्डातून काढलं. कुणी ओरडलं नाही, कुणी अपमान केला नाही. मेट्रन स्वतः आल्या आणि त्यांना सोबत घेऊन गेल्या. जाताना ताईंनी एका बाळाचं पांघरूण सारखं केलं. धाकटीकडे पाहिलं नाही.

दोन दिवसांनी त्या मुलाची आई आली ती त्याला घेऊनच. मूल आता ठणठणीत होतं, मेट्रनच्या टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलं होतं. मेट्रननी स्वच्छ शब्दांत सांगितलं, अलार्म वाजत होता, तिथं असलेल्या सिस्टरना तो ऐकू आला नाही, त्यांना ऐकू कमी येतं हे रुग्णालयाला माहीत नव्हतं, आणि तुम्हाला आधी सांगितलं गेलं ते पूर्ण नव्हतं. चौकशी चालू आहे, तक्रार करायचा तुमचा हक्क आहे.

आई ऐकत होती. मग ती मेट्रनकडे नाही, धाकटीकडे वळली. "रुग्णालयाला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं?"

"मला वाटत होतं," धाकटी म्हणाली.

"वाटत होतं, आणि माझ्या मुलाला त्यांच्याजवळ ठेवून तुम्ही खाली गेलात?"

धाकटीला सांगता आलं असतं की औषध आणणं भाग होतं, की मीच धावले, मीच गाठ काढली. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. ती म्हणाली, "हो."

आईनं मुलाच्या हातातून पेपरवेट काढून टेबलावर ठेवला आणि त्याला कडेवर घेतलं. "मी तुमचे हात कपाळाला लावले होते," ती म्हणाली आणि निघून गेली. तक्रार तिनं केली. त्यात दोघींचाही उल्लेख होता.

त्या संध्याकाळी घरात कुणी दिवा लावला नव्हता. ताई आपल्या खोलीत होत्या. धाकटी दारात उभी राहिली, मग आत गेली, समोर बसली.

"मला आधी सांगायचं होतंस," ताई म्हणाल्या. "मेट्रनकडे जायच्या आधी. मी माझ्या पायांनी गेले असते."

"गेला असता, ताई?"

ताई खिडकीकडे वळल्या. धाकटीला वाटलं, पाठ वळली म्हणून ऐकू गेलं नाही. पण वळण्याआधीच ताईंनी तिचे ओठ वाचले होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "गेले नसते."

मग त्या रडल्या. धाकटीनं त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं. खांद्यावर हात ठेवायला गेली तर ताईंनी तो काढून टाकला, रागानं नाही, नकोशा झालेल्या पांघरुणासारखा.

चौकशी संपायला बरेच महिने गेले. धाकटीला लेखी ताकीद मिळाली; ताईंची जागा रिकामी झाल्यामुळे तिची बदली मात्र रद्द झाली होती. ताईंना कानाचं मशीन लावून बाह्यरुग्ण विभागात काम करायची परवानगी दिली गेली, जिथं कुणाचा श्वास यंत्रावर अवलंबून नसतो. त्या आठवडाभर तिथं गेल्या. मशीनमधून खुर्च्या सरकवल्याचा, चपलांचा, सगळ्यांच्या कुजबुजीचा आवाज एकदम कानात घुसायचा. "इतकी वर्षं माणसं माझ्यामागं एवढं बोलत होती होय?" असं एकदा जेवताना म्हणाल्या. भाऊ हसला. धाकटी हसली नाही, कारण ताई तिच्याकडे बघून बोलल्या नव्हत्या. नंतर त्यांनी राजीनामा दिला आणि घर सोडून जवळच एक खोली घेतली. भाऊ दर सुटीच्या दिवशी जातो. धाकटीला ताईंनी येऊ नको असं कधी म्हटलं नाही, ये असंही म्हटलेलं नाही.

वॉर्डात काही जणी तिला टाळतात. काही जणी आडून विचारतात, "घरात कसं वातावरण आहे गं आता?" ती कामाचं निमित्त काढून उठते. तो मुलगा तपासणीला आला होता, थोडा उंच झालेला. त्याच्या आईनं तिला पाहिलं आणि पलीकडच्या सिस्टरला हाक मारली.

नवऱ्यानं एकदाच विषय काढला. दोघं स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. त्यानं तिच्याकडे न बघता विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली तर?"

"लवकर सांगेन," ती म्हणाली.

त्यानं ताटली फळीवर ठेवली, हात कोरडे केले आणि ताईंकडे न्यायचा डबा उचलला. "भाजीत मीठ बघितलंस ना? तिला कमी लागतं," तो म्हणाला आणि चपला घालून निघाला.