उसना दिलेला फुलबॅक

योस्टचा संघ आठच जण घेऊन मैदानावर आला, आणि तिथेच राजसचा चांगुलपणा उफाळून आला.

२००६ सालचा एप्रिल. ग्रोनिंगन या डच शहरातल्या विद्यार्थी फुटबॉल लीगमध्ये राजसचा संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीच्या दारात उभा होता. संघ म्हणजे काही मराठी, काही तेलुगू, एक तुर्की आणि एक ग्रीक. शेवटचे दोघे एकमेकांना पास देत नसत, बाकी सगळं व्यवस्थित होतं. राजस कप्तान आणि गोलकीपर. उन्हाळ्यात त्याचं मास्टर्स संपणार होतं, मग आइंडहोवनला नोकरी, म्हणजे ही लीग शेवटचीच. त्याला एकदा उपांत्य सामना खेळायचा होता. बस. कपची हाव त्या ग्रीकाला होती.

लीगचा नियम असा, की एखाद्या संघाकडे नऊपेक्षा कमी माणसं असतील तर सामना होत नाही आणि समोरच्याला फुकटात विजय मिळतो. त्या रविवारी राजसने नुसतं उभं राहिलं असतं तरी चाललं असतं. समोरचा कप्तान योस्ट, ज्याचा चेहरा कायम नुकताच झोपेतून उठवल्यासारखा, येऊन सांगून गेला की बाकीचे कालच्या पार्टीतून अजून परतायचे आहेत, सॉरी.

एखाद्या शहाण्याने हात मिळवला असता आणि घरी जाऊन आल्याचा चहा टाकला असता. पण राजस पुण्याच्या सहकारनगरात, गल्लीत खेळून वाढलेला. एक माणूस कमी पडला म्हणून खेळ रद्द झाला, असं त्या गल्लीच्या इतिहासात घडलेलं नाही. तिथे 'कॉमन' असतो. कॉमन दोन्हीकडून खेळतो आणि दोन्हीकडच्या शिव्या खातो. राजसने आपला फुलबॅक चंद्रहास उचलून योस्टला देऊन टाकला. का, असं योस्टने विचारलं. आमच्यात असंच असतं, असं राजसने सांगितलं. हा काहीतरी धार्मिक प्रकार असावा असं समजून योस्टने मान लववून चंद्रहासचा स्वीकार केला. रेफरीचे कान वाऱ्याने गारठले होते. त्याने शिट्टी वाजवली.

चंद्रहास सांगलीचा. जन्मात त्याने कधी गोल केला नव्हता, कोणी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. उसन्या नारिंगी जर्सीत त्याने दोन केले, दोन्ही राजसवर. प्रत्येक गोल झाल्यावर तो धावत येऊन "सॉरी रे" म्हणे आणि परत जाऊन योस्टच्या माणसांबरोबर नाचे. राजसचा संघ दोन-एक असा हरला, पण आधीच्या गुणांवर उपांत्य फेरीत गेला. योस्टचाही गेला. सगळे खूश होऊन घरी गेले.

मंगळवारी कळलं की प्रकरण शिस्त समितीकडे गेलंय. एका खेळाडूने एकाच मोसमात दोन संघांकडून खेळायचं नाही, असा नियम होता म्हणे. राजसला काही वाटलं नाही, कारण समितीतल्या तिघांपैकी एक अंबरीश होता.

राजस आणि अंबरीशचं पुण्यातलं कॉलेज एक, इथलं घर एक आणि कुकरही एकच. परदेशी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून अंबरीश त्या समितीत निवडून गेला तो राजसच्या जिवावर. प्रचारासाठी समोसे राजसने तळले होते. व्हिएतनामी मुलांना 'अंबरीश' म्हणायला त्यानेच शिकवलं होतं, त्यात एक अख्खा रविवार गेला होता. त्यामुळे आता काय होईल, असं राजसने विचारलं तेव्हा अंबरीश फोडणीचा भात परतत म्हणाला, "टेन्शन नको घेऊस. मी आहे ना."

तो होता, याबद्दल वादच नाही.

शुक्रवारी निकाल आला. योस्टच्या संघाला ताकीद. राजसचा संघ लीगमधून बाहेर. समितीचं म्हणणं असं, की योस्टने नियम मोडला तो गरजेपोटी. राजसला कसलीच गरज नव्हती, तरी त्याने मोडला, म्हणजे हे जाणूनबुजून केलेलं कृत्य झालं. शिवाय हातात आलेला विजय सोडून प्रतिस्पर्ध्याला माणूस कोण देतो? ज्याचं आतून साटंलोटं आहे तोच. आणि योस्टच्या संघाने तर सोमवारीच आपणहून चूक कबूल केली होती, त्याची त्यांना सवलत. सामना तोच, गुन्हा तोच, चंद्रहासही तोच. घेणारे आत राहिले आणि देणारे बाहेर गेले.

"माझे गोल धरलेत ना पण?" चंद्रहासने विचारलं. धरले होते. तो बराच सावरला.

संध्याकाळी राजस सुपरमार्केटात कांदे निवडत होता, तिथे योस्ट भेटला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. त्याने राजसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काही म्हण, तुझा मित्र मोठा न्यायी माणूस आहे. आम्ही सोमवारी सहज विचारायला गेलो, तर त्याने नीट समजावून सांगितलं, की लगेच कबूल करून टाका, आधी कबूल करणारा थोडक्यात सुटतो. तुम्ही का नाही केलंत?

राजसने कांदे होते तिथे ठेवले आणि घरी आला. अंबरीश डाळ धूत होता.

"सोमवारी तू योस्टला सांगितलंस, कबूल करा म्हणून?"

"ते ऑफिसात येऊन विचारत होते. उत्तर देणं माझं काम आहे."

"आणि मला? मी तर रोज तुझ्यासमोर बसून जेवतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुला सांगितलं असतं तर पार्शालिटी झाली असती."

"सोमवारी रात्री आपण कुकरच्या रिंगवर तासभर बोललो, अंब्या. पुण्याहून कुणाबरोबर मागवायची, आयएसआय मार्क बघायचा की नाही. तासभर."

"ते ऑफिशियल नव्हतं."

राजसने खुर्ची ओढली, पण बसला नाही. "मत कुणाच्या बाजूने दिलंस?"

"मतदान गुप्त असतं, राजस."

"निकाल तीन-शून्य होता."

अंबरीशने डाळीतलं पाणी ओतून टाकलं आणि जरा विचार केला. "हो," तो म्हणाला. "पण गुप्त."

मग त्याने समजूत घालायला घेतली. बाकीचे दोघं डच त्याच्याकडेच बघत होते. तो राजसच्या बाजूने एक शब्द बोलला असता तर म्हणाले असते, बघा, आपलीच माणसं सांभाळतात. आपण किती सरळ आहोत हे दाखवून द्यायची हीच वेळ होती. एक प्रकारे हे त्याने सगळ्या भारतीयांसाठी केलं. पर्सनली घेऊ नकोस.

राजसने पर्सनलीच घेतलं. अंबरीशच्या जागी एखादा अनोळखी माणूस असता, तर राजसचा संघही नुसत्या ताकिदीवर सुटला असता. मैत्रीची शिक्षा झाली होती, आणि ती मोजून मित्रानेच दिली होती. उपांत्य सामना एक वेळ तो विसरला असता. पण सोमवारी सगळं ठाऊक असताना अंबरीशने त्याच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढला होता आणि वर विचारलं होतं, लोणचं हवंय का.

भांडून घर सोडावं म्हटलं, तर ग्रोनिंगनमध्ये दुसरी खोली मिळेपर्यंत माणसाची डिग्री पूर्ण होते. त्यामुळे मैत्री संपली आणि भाडेकरार चालू राहिला.

शनिवारी उपांत्य सामना. अंबरीश समितीचं जाकीट घालून निघाला आणि लगेच परत आला. त्याच्या सायकलची चेन तुटली होती. दारात उभा राहून त्याने राजसची सायकल मागितली. राजसने खिशातून किल्ली काढून दिली. मागच्या चाकातली हवा अर्ध्या वाटेत, बरोबर कालव्यापाशी बसते, आणि तिथून मैदानापर्यंत समोरच्या वाऱ्यात सायकल ढकलत न्यावी लागते, हे त्याने सांगितलं नाही.

मग तो खिडकीपाशी चहा घेऊन बसला आणि वारा ऐकत राहिला. बाहेर वारा छान सुटला होता.

अंबरीश संध्याकाळी परतला. योस्टचा संघ जिंकला होता. त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मस्त चालते रे तुझी सायकल. मागचं चाक तर एकदम टणक."

राजस खाली गेला आणि मागचं चाक दाबून पाहिलं. खरंच टणक होतं. पंक्चर कधीतरी काढलेलं होतं, आणि तेही अंबरीशने सांगितलं नव्हतं.