साखरेच्या डब्याची शिट्टी

"यंत्र कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो माणूस!"

असं जाहीर करून कानसेनांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक साखरेच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

डबा शिट्टी वाजवत होता.

पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. चालत्या मोटारीला असा स्क्रूड्रायव्हर लावला की कुठलं बेअरिंग गेलंय ते त्यांना मोटार न उघडताच कळे. म्हणून बाजाराने बहाल केलेली पदवी 'कानसेन'. हल्ली घरात कुठूनतरी एक बारीक, चिवट शिट्टी येत होती. तिला पकडायला त्यांनी फ्रिज बंद केला, पंखे उतरवले, घड्याळाचा सेल काढला. घर जसजसं गप्प होत गेलं, तसतसा शिट्टीला कंठ फुटत गेला.

"डब्यानंतर आता कुणाचा नंबर?" बायकोने विचारलं.

"उशी वाजते. दारही वाजतं," ते गंभीरपणे म्हणाले.

"मग मला का सोडलंत? लावा."

त्यांनी खरंच मूठ तिच्या कपाळाला लावली आणि टोकाला कान लावला.

"तूसुद्धा वाजतेस."

"इतकी वर्षं संसार केला, आज ऐकू आलं होय!" ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून थांबली. डबा, दार, उशी, बायको. चौघांनाही ऐकणारा कान मात्र एकच होता. कानसेनांनी स्क्रूड्रायव्हर हळूच खाली ठेवला.

"कान गेला, तर दुकान गेलं."

"आधी डॉक्टरांना दाखवू तर खरं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कानात डोकावून सगळं ठीक म्हटलं आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथल्या कान तपासणाऱ्या बाई कानसेनांच्या मुलीच्या वयाच्या होत्या. तपासणी झाल्यावर त्यांनी कागदावरची उतरती रेघ दाखवली.

"मोटारींच्या गोंगाटाने बारीक आवाज ऐकणारा भाग थकलाय, काका. तिकडून काही येत नाही म्हणून मेंदू आवाज वाढवून बसतो. स्टेशन लागत नसताना रेडिओ मोठा केला की नुसती खरखर येते ना, तसं."

"मग बंद करा की."

"त्याला बटण नाही. पण तुमच्या बाबतीत धोकाही नाही. अगदी शांततेत बसू नका. पंखा, रेडिओ, काहीतरी हळू आवाजात चालू ठेवा. दुकानात कान झाका. ऐकण्याचं यंत्रही लावून पाहू. हळूहळू मन शिट्टीकडे लक्ष देईनासं होतं."

"म्हणजे घर गप्प करून मीच तिला मैदान मोकळं करून दिलं!"

"पंखेसुद्धा उतरवलेत," बायको म्हणाली. "पुढचं विचारू नका."

कानसेन बोटांकडे बघत राहिले. मग विचारलं,

"आणि धंदा? बेअरिंग कळेल मला?"

"बेअरिंगसारखे जाडे आवाज चांगले ऐकू येतात तुम्हाला. कागदावर तरी."

कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. ते उठले, दारापर्यंत गेले, आणि मान वर करून छताच्या जाळीकडे बघत थबकले.

"मागचं बेअरिंग."

"काय?"

"त्या जाळीमागचा पंखा हो. मघापासून घासतोय."

बाईंचं पेन थांबलं.

"आमचा दुरुस्तीवाला म्हणतो, मला भास होतात."

"भास कसला? चांगला घासतोय."

"आणि शिट्टी, काका?"

गर्दीत चुकलेला पाहुणा शोधावा तशी कानसेनांनी मान तिरपी केली.

"आहे की," ते सावकाश म्हणाले. "पण आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून आली."

बायकोने पर्सची चेन उगाचच उघडली आणि लावली. बाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढून जाळीखाली आणलं.

"चढून बघता का जरा? तेवढे बूट काढा, काका. स्टुलाचं कव्हर नवीन आहे."