भट्टीवाल्याची झोपलेली ग्रंथी

मी एक जुनी ग्रंथी आहे. ज्या वर्षी भट्टीवाल्यांच्या घरात आजोबा वारले आणि पावाची भट्टी त्यांच्या मुलाच्या हाती आली, त्याच वर्षी त्या मुलाला मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे माझे मालक, आणि त्यांच्याबरोबर जन्मले ती मी.

मित्रांनो, आता मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या लांब दालनात, काचेच्या बरणीत, पिवळसर पाण्यात बुडून असते. परवा तुमची शाळा येथे आली होती. तुमच्यातल्या एका मुलीने बरणीला नाक लावले आणि ती म्हणाली, "शी! वाळलेल्या सालीसारखं काय आहे हे?" मला राग आला नाही. मी खरोखरच वाळले आहे. पण मी पहिल्यापासून अशी नव्हते.

माझे पुस्तकातले नाव अधिवृक्क ग्रंथी. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपी घालावी तशी मी बसलेली असे. पलीकडच्या मूत्रपिंडावर माझी जुळी बहीण. आमच्या घराण्यातल्या ग्रंथींना नळी नसते. आम्ही जे तयार करतो ते थेट रक्तात सोडतो आणि रक्त ते अंगभर पोचवते. त्याला संप्रेरक म्हणतात. थेंबाचाही थेंब, पण त्यावर सगळे घर चालते. गळ्यातली अवटू ग्रंथी अंगाची गती सांभाळते, पोटातले स्वादुपिंड साखर सांभाळते. आणि मेंदूच्या तळाशी बसलेली पीयूषिका आम्हा बऱ्याच जणींवर नजर ठेवते. तिला आम्ही सासूबाई म्हणत असू. वाटाण्याएवढी मूर्ती, पण तिच्या हुकमावाचून आमचे पान हलत नसे. ती सतत रक्ताची चव घेई. माझे संप्रेरक कमी वाटले की हुकूम सोडी, "कर गं!" पुरेसे झाले की गप्प बसे.

भट्टीवाल्याच्या पोटात राहायचे म्हणजे लवकर उठणे आले. गाव झोपेत असताना मालकांना पीठ मळावे लागे. त्यांच्या आधी मी उठत असे. मी रक्तात माझा वाटा सोडला की त्यांचे डोळे उघडत, हातापायांत बळ येई. ताप आला, जखम झाली, की मी दुप्पट तिप्पट काम करी. दुखण्यात माणसाला उभे धरणे, हेच माझे खरे काम.

एक दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. मालकांची लेक तेव्हा नुकती चालायला लागली होती. ती दुडूदुडू धावत थेट भट्टीच्या तोंडाशी गेली. मालक पार दुसऱ्या टोकाला होते. त्या क्षणी माझ्या गाभ्यातून जे काही उसळले, त्याने त्यांचे काळीज धडधडले आणि पाय असे सुटले की पिठाची परात कुठे उडाली हे कोणी पाहिले नाही. लेक त्यांच्या हातात होती. तिचा फक्त एक केसांचा झुबका करपला होता.

"मेले असते ना मी!" त्यांची बायको भिंतीला टेकून म्हणाली.

"तू कशाला मरतेस? परात गेली तुझी," मालक म्हणाले आणि हसता हसता रडू लागले. ते हसणे-रडणे हेच माझे कौतुक होते, पण ते माझे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

मग पिठाने दगा दिला. वर्षानुवर्षे नाकातोंडात जाणाऱ्या पिठाने मालकांना दमा जडला. छाती जुन्या दाराच्या बिजागरीसारखी करकरे. डॉक्टरांनी थोड्याच दिवसांसाठी पांढऱ्या गोळ्या दिल्या. त्या गोळीत माझ्याच संप्रेरकाचा जातभाई होता, माझ्याहून कितीतरी जोरकस. मालकांचा श्वास मोकळा झाला. दिवस संपले, गोळ्या संपल्या, आणि ते कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेले.

"तीच द्या, पांढरी."

"डॉक्टरांना विचारलंत का?"

"त्यांना काय विचारायचं? श्वास माझा आहे."

औषधवाल्याने दिली. पुढे तो विचारीनासा झाला.

मित्रांनो, माझे काय झाले ते ऐका. सासूबाईंनी रक्ताची चव घेतली. संप्रेरक भरपूर! त्यांनी हुकूम सोडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिने गेले, वर्षे गेली. हुकूम नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून मी रोडावत गेले. माझी बहीणही. शेवटी हुकूम सोडायची सवय सासूबाईंचीही मोडली. घरातल्या तिघी जणी झोपलो आणि घर बाहेरून आणलेल्या गोळीवर चालू लागले. मालकांना याचा पत्ता नव्हता. त्यांना सारखी भूक लागे, अंग सुजे. तोंड चंद्रासारखे गोल झाले, हातावर नुसते बोट लागले तरी काळेनिळे डाग पडत. गल्लीतला न्हावी म्हणे, "काय शेठ, पाव विकताय की स्वतःच फुगताय?" मालक त्याच्यापेक्षा मोठ्याने हसत.

त्यांच्या भट्टीत आजोबांच्या वेळचे, पीठ फुगवणाऱ्या खमिराचे मडके होते. पुड्यांतले तयार खमीर मिळू लागल्यावर ते मडके फळीवर गेले. एकदा पुड्या आल्याच नाहीत. मालकांनी मडक्यातले खमीर पिठात घातले. पाव फुगलेच नाहीत.

"विटा झाल्यात," बायको म्हणाली. "घर बांधायला काढा."

"खमिराचा दोष नाही गं. रोज कामाला लावलं नाही की ते झोपतं. एकदम उठवलं तर कसं उठेल? रोज चमचाभर पीठ घालायचं, कोमट पाणी घालायचं. धीर धरायचा."

आणि त्यांनी तसे केले. काही दिवसांनी मडक्यात बुडबुडे आले, तेव्हा ते बायकोला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. मी अर्धवट झोपेत हे सगळे ऐकत होते. वाटले, आता कोणीतरी माझ्याकडेही असेच बघेल.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. तिला दिवस गेले, तशी ती काही दिवस वडिलांकडे राहायला आली. वडिलांचे तोंड आणि हातांवरचे डाग पाहून ती हबकली. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन तिने दम्याचा पंप आणला, पण वडिलांना मात्र सोबत नेले नाही. भट्टी सोडून ते जातात कुठे? रोजच्या गोळ्यांचे सांगायचे तिला तिथे सुचले नाही. घरी परतल्यावर शेजारणीने तिच्या कानावर घातले, की असल्या पांढऱ्या गोळ्या हाडे पोखरतात.

"बाबा, हे विष आहे. आजपासून बंद."

"अगं, पण श्वासाचं काय?"

"श्वासाला पंप आहे. बाळाला अंगाखांद्यावर कोण खेळवणार? तुम्हीच ना? मग धड राहायला नको?"

"बरं बाई, तुझंच खरं," मालक म्हणाले. तिने गोळ्यांची सगळी पाकिटे भट्टीत टाकली. ज्या भट्टीच्या तोंडातून त्यांनी तिला ओढून काढले होते, त्याच भट्टीत.

पंपाने श्वास ठीक राहिला, म्हणून कोणाला काही वाटले नाही. मालक थकू लागले. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, जेवण नको वाटे. "सवय मोडतेय," ते म्हणत. लेकही म्हणे, "विष उतरतंय अंगातून." मग गल्लीत तापाची साथ आली. साधा ताप, चार दिवसांत जाणारा. न्हाव्याला आला आणि गेला. मालकांना आला, तेव्हा त्यांच्या अंगाने मला हाक मारली. मित्रांनो, मी ती हाक ऐकली. पण मी सालीएवढी उरले होते. सासूबाईही दचकून जाग्या झाल्या, पण हुकूम सोडायचा कसा तेच विसरल्या होत्या. मला उठता आले नाही. मला चमचा चमचा उठवायला हवे होते.

मालकांना उलट्या झाल्या. पहाटे पीठ मळायच्या परातीपाशी ते कोसळले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांचा रक्तदाब पाहिला आणि त्या घाईने वळल्या.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत यांना?"

"एकही नाही," लेक म्हणाली. तिच्या आवाजात त्या घाबरलेल्या वेळीही थोडा अभिमान होता. "सगळ्या बंद केल्यात."

"बंद? आधी काय होतं?"

तेवढ्यात पलंगाशी उभी असलेली परिचारिका ओरडली आणि डॉक्टरीणबाई धावल्या. प्रश्न अर्धाच राहिला. बायकोने पांढऱ्या गोळ्यांचे सांगितले, तेव्हा सांगून उपयोग उरला नव्हता. डॉक्टरीणबाई बाकावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या गोळीतल्याच औषधाचं एक इंजेक्शन पुरलं असतं."

लेकीने विचारले, "म्हणजे मी मारलं त्यांना?"

"नाही गं. तुला कोणी सांगितलंच नव्हतं."

आईने तिला जवळ घेतले, पण लेक रडली नाही. शरीर तपासायला द्याल का असे विचारले, तेव्हा तिनेच होकार दिला. "बघा," ती म्हणाली. "आणि जे सापडेल ते ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी दाखवा." म्हणून मी येथे आहे.

मित्रांनो, त्या गोळीला शिव्या देऊ नका. ती कित्येकांचा श्वास वाचवते. पण तुमच्या घरी कोणी ती बरेच दिवस घेत असेल, तर ती स्वतःहून वाढवू नका आणि एका दिवसात तोडूही नका. डॉक्टरांना विचारा, ते ती पायरी पायरीने उतरवतील. आणि दवाखान्यात कोणी विचारले, काय चालू आहे, तर काय बंद केले तेही सांगा. आम्ही आतमध्ये मुक्या असतो. आमच्या वतीने बोलायला तुम्हीच आहात.

माझे मालक, पावाच्या भट्टीचे मालक, सोमवारी सकाळी, पहिले पाव भट्टीतून निघतात त्या वेळेला वारले. त्यांची नात त्याच महिन्यात, त्यांच्या पाठोपाठ जन्मली.