खुर्चीचा हात

कारखान्यात त्यांना सगळे गुण्या म्हणत. काटकोन तपासायचं हत्यार म्हणजे गुण्या, आणि हे सुतार इतके चोख की चौकट तिरकी आहे हे नुसत्या नजरेनं सांगायचे. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात मात्र अर्धाच परत आला. मुलगा ट्रकवर, त्याला लाकडाची गोडी कधीच नव्हती. म्हणून कारखाना सुनेनं हाती घेतला. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांच्या हाताखालीच शिकली होती.

त्या दिवशी ती गिऱ्हाइकाकडे दार बसवायला गेली होती. परतली तर आतून लाकूड कापायच्या बँडसॉची घरघर. दोन मोठ्या चाकांवर पट्ट्यासारखं पळणारं ते पातं. त्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असं तिनं सासऱ्यांना बजावलं होतं. ती दारात पोचते न पोचते तोच धाडकन आवाज झाला. पातं चाकावरून निसटून झाकणावर आतून आदळलं होतं.

तिनं धावत जाऊन बटण बंद केलं, प्लग उपसला आणि मगच सासऱ्यांकडे पाहिलं. बोटं शाबूत होती. चेहरा पांढराफटक.

"झाकण लावलं होतं म्हणून वाचलो," ते म्हणाले.

ती तडक मागच्या नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. बोलली असती तर नको ते बोलून गेली असती.

आत आली तेव्हा ते स्टुलावर बसले होते. "खुर्चीचा हात कापायचा होता गं. पातं मीच बदललं, एका हातानं. वाटलं, जमलं." मग हळूच म्हणाले, "आता आपलं काही खरं नाही. विकून टाक हे धूड."

"विकायचं मागाहून बघू. चुकलं कुठं ते सांगा आधी."

"तुला कळत नाही होय?"

"कळतं. पण चूक तुमची, तर सांगायचंही तुम्हीच."

ते जरा तडकले, पण उठले. तिनं जाड हातमोजे चढवून पातं बाहेर काढलं. एका जागी मुरगळलं होतं, म्हणून नवं घेतलं.

"दाते खाली, तोंड तुझ्याकडे," ते सांगू लागले. "आता ताण दे. अजून. इथंच माझं बळ कमी पडलं." त्यांनी उजव्या बोटानं पात्याची कूस दाबली. किंचितच दबली. "बास. आता चाक हातानं फिरव."

पातं हळूहळू कडेला सरकू लागलं. तिनं वरच्या चाकामागची कळ जराशी पिळली, पुन्हा चाक फिरवलं. पातं मधोमध स्थिरावलं.

"पात्याला दोन्ही बाजूंनी आवरणारे टेकू जवळ आण. मध्ये कागद सरकेल एवढीच फट. दात्यांना लागू देऊ नकोस." एवढं बोलून ते थबकले. टेकू धरणारा दांडा अजून वरच होता. "हा लाकडाच्या जेमतेम वर आणायचा असतो. मी आणलाच नाही. एका हातानं पेलायचा, दुसऱ्यानं स्क्रू आवळायचा. दुसरा हात कुठून आणू? म्हटलं, एवढ्यानं काय होतंय. उभा जन्म याच गोष्टीवरून लोकांना झापलं मी."

"बाबा, माझ्यासाठी थांबला असतात तर?"

"लाज वाटते गं. पाणी मागताना नाही वाटत. इथं वाटते."

तिनं तो दांडा खाली आणून स्क्रू आवळला. मग एक फळी घेतली, तिला दोन मुठी ठोकल्या, खुर्चीच्या हाताचं लाकूड फळीवर घट्ट आवळलं. आता मुठी धरून फळी पुढं सारली की झालं. बोटं पात्यापासून चांगली लांब राहणार होती. आधी तिनं टाकाऊ तुकड्यावर कापून पाहिलं. पातं रेघ सोडत नव्हतं.

"या," ती म्हणाली, आणि बटणाशी उभी राहिली.

उजव्या हातानं त्यांनी जोर लावला, डावा दुसऱ्या मुठीवर नुसता टेकवला. घाई केली नाही. वळणावर मात्र पातं रेघेच्या जरा बाहेर गेलं.

"हुकलं," मशीन थांबल्यावर ते म्हणाले.

"लाकूड जास्तच राहिलंय, कमी नाही. कानशीला काही काम नको का?"

त्यांनी तो तुकडा उचलून कडेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ.

"यापुढं एकट्यानं हे सुरू करायचं नाही," ती म्हणाली. "मीसुद्धा नाही."

"कबूल. पण दुसरा हात तू काप. दोन्ही माझेच झाले, तर गिऱ्हाईक खुर्चीतून घरंगळेल."

ती खळखळून हसली आणि दुसरं लाकूड आणायला वळली.