हरिणीवर चाललेली कात्री

मित्रांनो, तुमच्या घरी कापड कापायची कात्री असेल, कागद कापायची असेल. मी तसली नाही. मी कुंपणे आणि झुडपे छाटणारी, दोन्ही हातांनी चालवायची, हातभर लांब पात्यांची जुनी कात्री आहे. आयुष्यात मी किती फांद्या कापल्या याची मोजदाद कोणी ठेवली नाही, मीही नाही. पण वसंतातली एक सकाळ माझ्या लोखंडातून जात नाही. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म एका लोहाराच्या भट्टीत झाला. मालवाहू गाडीच्या स्प्रिंगचा एक मोडका पाटा त्याच्याकडे पडून होता. तो तापवून, ठोकून त्याने माझी दोन पाती काढली. एक पाते मनासारखे उतरले, दुसऱ्याशी तो तीन दिवस झगडत होता.

"ही जोडी जमायची नाही," तो बायकोला म्हणाला.

ती भाता ओढता ओढता म्हणाली, "आपली जमली ना? मग हिचीही जमेल. ठोका अजून."

त्याने ठोकले आणि जोडी जमली. मधोमध बोल्ट बसला, कठीण लाकडाच्या दोन मुठी लागल्या आणि मी दुकानाच्या दारात टांगली गेले. पंधरा दिवसांत एका माळ्याने मला विकत घेतले.

त्या माळ्याला सगळे दोरीमामा म्हणत. कुंपण छाटायचे असले की ते आधी दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणत, मग जमिनीवर बसून एक डोळा मिटून ती निरखत. दोरी केसभर जरी वाकडी वाटली तरी पुन्हा सोडून बांधत. चढावरच्या एका मोठ्या बंगल्याच्या बागेत ते कामाला होते. बागेच्या मागच्या टोकाला, अवजारांच्या खोलीला लागून असलेल्या एका खोलीत ते आणि मामी राहत. मामी बंगल्यातले कपडे धुई, इस्त्री करी आणि जिभेला कधी इस्त्री करीत नसे.

दोरीमामा मला फार जपत. दव वाळल्याशिवाय ते मला पानांना लावत नसत. काम संपले की चिकट डिंक फडक्याने पुसत आणि बोल्टात तेलाचे दोन थेंब सोडत. तेल मामीच्या शिलाई मशीनचे असे.

"माझं तेल चोरून त्या बयेला पाजता!" मामी म्हणे. "मला कधी विचारलंत, गुडघे कुरकुरतात का?"

मामा हसत आणि आणखी एक थेंब सोडत.

एका वर्षी वादळ झाले. फाटकाजवळचे एक दाट झुडूप अर्धे मोडले आणि त्याची एक फांदी आडवी वळून राहिली. ते झुडूप मुळासकट काढायचे ठरले. मामा कुदळ घेऊन आले, तेवढ्यात धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन मामी तिथून चालली होती.

"अहो, थांबा! ही मान वळवून मागे बघतेय की!"

"कोण?"

"हरिणी. दिसत नाही का? डोळे आहेत की बटणं?"

मामांनी पाहिले. कुदळ बाजूला ठेवली, मला मांडीवर घेतले आणि दुपारपर्यंत ते त्या झुडपासमोर नुसते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. ते काम चौदा वर्षे चालले. मानेला आतून बारीक तार बांधली, पाठ हळूहळू भरत नेली, पोटाखालून उजेड दिसेल इतके कापले. कान सगळ्यांत शेवटी आले. एकेका कानाला तीन वर्षे लागली. वारा आला की हरिणीच्या अंगावरची पाने शहारत, आणि नवखी माणसे फाटकातच थबकत.

मित्रांनो, त्या शहरात दर वसंतात आठ दिवस बागा सर्वांसाठी उघडत. लोक सकाळी आधी मोठ्या सार्वजनिक बागेत जात. तिथले कारंजे आणि फुलांचे लांबच लांब वाफे बघून झाले की हातात छापील नकाशा घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून खासगी बागा बघत फिरत. एरवी ज्या फाटकांमागे कुत्री भुंकत, ती फाटके त्या आठ दिवसांत सताड उघडी असत. शेवटच्या दिवशी समिती येई आणि सर्वोत्तम बाग ठरवी. हरिणी आकाराला आल्यापासून तो मान आमच्या बागेने सोडला नाही.

आता बंगल्याच्या बाईसाहेबांविषयी सांगते. उंच, गोऱ्या, अगदी सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी कधी आवाज चढवल्याचे मला आठवत नाही. त्यांचे बागेवर प्रेम नव्हते असे म्हणणे खोटे ठरेल. पण बागेपेक्षा त्यांना बागेची मालकीण असणे जास्त आवडे. एका वर्षी वर्तमानपत्राचा बातमीदार आला आणि हरिणी कोणी घडवली असे विचारू लागला. बाईसाहेबांनी बाकावरून मला उचलले, हरिणीच्या पाठीवर टेकवले आणि म्हणाल्या, "रोज सकाळी मी स्वतः छाटते. माझं ध्यानच आहे ते." फोटो निघाला. मामा तीन पावलांवर झाडू घेऊन उभे होते. छापताना तेवढा भाग कापला गेला.

मामीने तो फोटो मामांसमोर धरला. "बघा. तुमच्या हातांना नेलपॉलिश लागलंय."

"असू दे," मामा म्हणाले. "झाडाला माहितीये."

सार्वजनिक बागेचे अधीक्षक मात्र जाणकार होते. त्यांनी एकदा मामांना बाजूला घेऊन सांगितले, "आमच्याकडे या. अशी कला रोज हजार लोक बघतील."

"हिला सोडून कुठं येऊ, साहेब?" मामांनी हरिणीकडे बोट दाखवले.

"विचार बदलला तर सांगा. तुमच्यासाठी जागा आहेच."

मग चौदावा वसंत आला. सातव्या दिवशी खूप गर्दी होती. आत्याचे बोट धरून आलेल्या एका लहान मुलीने बाईसाहेबांना ओळखले. "पेपरातल्या तुम्हीच ना? मग एकदा छाटून दाखवा ना!"

बाईसाहेब हसल्या. पण आजूबाजूच्या लोकांनीही आग्रह धरला. बाईसाहेबांनी मला हातात घेतले. पकडीवरूनच मला कळले की आज काही खरे नाही. त्यांचे हात बोल्टाच्या फार जवळ होते.

मामा पुढे झाले. "बाईसाहेब, पानं अजून ओली आहेत. नंतर…"

"मला शिकवू नकोस."

त्यांनी मुठी दाबल्या. मी मिटले. हरिणीचा उजवा कान मुळातून तुटून त्या मुलीच्या बुटावर पडला.

मग ती मुलगी म्हणाली, "आत्या, यांना येतच नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसले. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मामांकडे वळून विचारले, "मग हे खरं केलंय कोणी?"

मामांनी खाली पडलेला कान उचलला होता. त्याच्याकडेच बघत ते म्हणाले, "मी. चौदा वर्षं झाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, मी खोटे का सांगू? माझी दोन्ही पाती अभिमानाने थरथरली. बाईसाहेबांनी मला अलगद बाकावर ठेवले, मुलीच्या गालावरून हात फिरवला आणि त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायच्या बऱ्याच आधी त्या चहाचा कप घेऊन बागेत आल्या. मामा हरिणीची जखम बांधत होते.

"हिला काढून टाक," बाईसाहेब म्हणाल्या.

"कान येईल पुन्हा. दोन-तीन वर्षांत…"

"मी कानाचं बोलत नाही. सगळी. जमिनीपर्यंत."

मामा उभे राहिले. "मग करवतवाल्याला बोलावतो."

"नको. तू काढ. आणि याच कात्रीने. सगळं तूच केलंस ना? मग हेही तूच कर."

"नाही केलं तर?"

"तर खोली रिकामी कर. आजच." त्यांनी चहाचा घोट घेतला. "दोघांनीही."

मामी खोलीच्या दारात उभी होती. त्या हिवाळ्यात तिचे मोठे दुखणे होऊन गेले होते, आणि अजून ती भिंतीला धरूनच चालत असे. तिथूनच ती ओरडली, "अहो, नका करू! खोलीचं बघू आपण काहीतरी!"

मामांनी तिच्याकडे पाहिले. भिंतीवर टेकलेल्या तिच्या हाताकडे पाहिले. मग त्यांनी मला उचलले.

आधी डावा कान गेला. मग तोंड. मानेशी आल्यावर आतली तार माझ्या पात्याला लागली आणि माझ्या धारेला एक खोल खाच पडली. मामांनी पक्कड लावून तार तोडली आणि ते पुढे कापत राहिले. पाठ, पोट, पाय. मी कोवळ्या फांद्यांसाठी घडलेली. खोड कापणे माझे काम नव्हे. मामा मुठी दाबत, मी अडके, ते पुन्हा दाबत. त्यांच्या तळहाताची साल निघाली आणि माझ्या मुठी ओल्या झाल्या. बाईसाहेबांचा कप रिकामा झाला. त्यांनी कामवालीला हाक मारून दुसरा मागवला आणि बाकावर बसून तोही सावकाश संपवला.

सगळे आटोपले तेव्हा फाटकाबाहेर लोक जमले होते.

"अरेरे! हरिणी कुठे गेली?" आत येताच लोक विचारू लागले.

"काय सांगू तुम्हाला!" बाईसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. "आतून कीड लागली होती. माळ्याने वेळेवर सांगितलंच नाही. काढावी लागली शेवटी."

लोक मामांकडे बघू लागले. मामा पानांनी भरलेली टोपली घेऊन उभे होते. काल टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच एक जण म्हणाला, "काल म्हणे मीच केलं! आणि कीड लागली ते कळलं नाही?"

समितीबरोबर अधीक्षकही आले. ते उरलेल्या खुंटापाशी वाकले आणि त्यावरून बोट फिरवले. लाकूड पांढरेशुभ्र होते. एक भोक नाही, एक डाग नाही. त्यांना सगळे कळले. त्यांनी मामांकडे पाहिले. मामांनीही त्यांच्याकडे पाहिले, आणि मला वाटले, आता हा माणूस बोलेल.

पण सार्वजनिक बागेतले कारंजे बाईसाहेबांच्या सासऱ्यांनी बांधून दिले होते. अधीक्षकांनी हात झटकले. "फार वाईट झालं, बाईसाहेब," ते म्हणाले.

त्या वर्षीही पहिला मान आमच्याच बागेला मिळाला. मालकिणीच्या दुःखाची कदर म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी मामांना बोलावले. "खोली रिकामी कर. कीड लागू देणारा माळी ठेवला तर लोक मला काय म्हणतील?"

"पण तुम्ही काल…"

"काल मी काय म्हटलं? काढलं नाहीस तर जावं लागेल. काढलंस तर ठेवीन, असं कुठं म्हटलं?"

मामांनी मला पिशवीत घातले, तर बाईसाहेब म्हणाल्या, "कात्री राहू दे. बंगल्याची आहे." मला मामांनी स्वतः विकत घेतले होते. तरी त्यांनी मला बाकावर ठेवले आणि मामीला हाताला धरून ते उतार उतरून गेले. नंतर कामवालीच्या बोलण्यातून कळले की ते अधीक्षकांकडेही गेले होते. "आता जागा नाही," असे उत्तर शिपायाने बाहेरच दिले.

आणि माझे काय झाले? मित्रांनो, माझे फार चांगले झाले. बाईसाहेबांनी माझी खाच घासून काढवली, मुठींना चकचकीत रंग लावला आणि मला दिवाणखान्यात भिंतीवर टांगले. खाली तो वर्तमानपत्रातला फोटो चौकटीत लावला. दर आठवड्याला मला तेल मिळते. गंजाचा ठिपका दिसला तरी कामवालीला बोलणी बसतात. फक्त एक पानसुद्धा मी त्यानंतर कापलेले नाही.

दोन वर्षांनी, पुन्हा वसंतात, बाग बघायला आलेल्या लोकांची रांग दिवाणखान्यातून चालली होती. त्या रांगेत, हातात छापील नकाशा घेऊन, मामा आणि मामी होते. मामी काठी घेऊन चालत होती. दोघे माझ्यासमोर थांबले.

बाईसाहेबांनी त्यांना पाहिले आणि त्या गोड हसल्या. "अरे, तू! बघा हं, हे आमचे जुने माळी. बरं झालं आलास. हिला जरा धार लावून दे. नव्या माळ्याला जमत नाही."

सगळे लोक बघत होते. माझ्या मनात आले, आता मामा मला घेऊन सरळ फाटकाबाहेर जातील. किंवा फरशीवर आपटतील. काहीही चालले असते मला.

मामांनी मला खाली काढले, बाहेरच्या पायरीवर बसले आणि धार लावायचा दगड मागवून तेलाने ओला केला. त्यांचा तळहात माझ्या मुठीला लागला, तेव्हा कळले की ते आता सिमेंट कालवतात. कातडीला बारीक भोके पडली होती. त्या हातांनी त्यांनी मला अशी धार लावली, जशी पूर्वी कधीच लावली नव्हती. आणि मित्रांनो, मला सांगायला लाज वाटते, पण तेवढा वेळ मी सुखात होते. हरिणीची आठवणसुद्धा मला झाली नाही.

मामांनी मला दोन्ही हातांनी बाईसाहेबांच्या हातात दिले. त्यांनी मला पुन्हा भिंतीवर अडकवले. मामा तरी तिथेच उभे होते.

मामीने त्यांची बाही ओढली. "चला आता. लोखंड आहे ते. त्याला काय कळतंय!"

ते गेले. परत कधी आले नाहीत.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जपतात तसे थोड्याच वस्तूंना कोणी जपत असेल. म्हणून त्याविषयी माझे काही मागणे नाही. मागणे दुसरेच आहे. वसंतात तुम्ही बागा बघायला जाल. एखादे झाड बघून पाय थबकतील. हे कोणी केले, असे तुमच्या तोंडी येईल. जरूर विचारा. पण मालक ऐकत असताना विचारू नका. तो माणूस एकटा दिसेल तेव्हा जवळ जा आणि हळूच विचारा. त्याने "मी" म्हटले, तर टाळ्या वाजवू नका.