सळई धरणारा

फिदेन्सिओच्या परसात काचेच्या गोळ्यांचा ढीग वाढत चालला होता. हिरवे, तपकिरी, जुन्या बाटल्यांचाच रंग घेऊन आलेले, नारळाएवढे गोळे. देखणे होते, पण त्यांतून पाणी पिता येत नव्हतं. पेला करायचा तर दोन माणसं लागतात. एकाने नळीतून फुंकून फुगा करायचा, दुसऱ्याने त्याच्या बुडाला तापलेली सळई चिकटवून तो धरायचा, मग फुगा नळीपासून तोडून त्या बाजूने तोंड उघडायचं आणि काठाला निळी कड चढवायची. एकट्याने करायचं म्हटलं तर तिसरा हात हवा, आणि तो देवाने फिदेन्सिओला दिला नव्हता. सळई धरणारा भाचा टायरच्या कारखान्यात लागल्यापासून, म्हणजे तीन आठवडे, तो नुसते बंद गोळे फुंकत होता.

"माझी कोंबडी कालपासून त्यातल्या एकावर बसून आहे," शेजारची एर्लिंदा भिंतीवरून म्हणाली. "काही निघालं आतून तर अर्धं तुमचं."

शनिवारपर्यंत वाट बघायची, मग भट्टी बंद करायची, असं त्याने ठरवलं होतं. भट्टी विझली की आत उरलेली काच आवळते आणि ती वितळवायची मूस फोडते. नवी मूस बसवायचं त्याचं वय राहिलं नव्हतं. अख्ख्या टोनाला गावात त्याच्या हाताला हात जुळेल असा एकच माणूस होता, अन्सेल्मो. अठ्ठावीस वर्षं सळई धरली त्याने. त्याच्या मुलीचा फिदेन्सिओ धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना 'कोम्पाद्रे' म्हणत. गेली चार वर्षं काहीच म्हणत नव्हते.

त्याचं असं झालं होतं. फिदेन्सिओची बायको ओदिलिया गेली. नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या, शेजारणी आपापल्या खुर्च्या उचलून घरी गेल्या, आणि चुलीवर तिचं कॉफीचं काचेचं भांडं तेवढं राहिलं. सकाळी उठून ते बघवेना, तेव्हा त्याने ते बाटल्यांच्या ढिगात टाकून दिलं. चुलीवर चालणारी काच बाटल्यांच्या काचेत मिसळत नाही, हे टोनालात पोरंसोरंसुद्धा सांगतील. त्यालाही माहीत होतं. त्या सकाळी आठवलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी केलेले सगळे पेले गार होता होता तडकले. आजूबाजूच्या भट्ट्यांवरची माणसं बघायला जमली. बाटल्या निवडतो कोण, असं कुणीतरी विचारलं.

"त्याला विचारा," फिदेन्सिओने अन्सेल्मोकडे हनुवटी उडवली. "डोळे खिशात ठेवून निवडतो तो."

माणसं हसली. अन्सेल्मोने खुंटीवरची टोपी घेतली आणि गेला. उद्या जाऊन खरं सांगू, असं फिदेन्सिओ मनाशी म्हणाला. त्या उद्याला चार वर्षं झाली.

शनिवारी सकाळी तो धुतलेला सदरा घालून बाजाराच्या गल्लीत गेला. अन्सेल्मो तिथे गाडीवर तेहुईनो विकायचा, मक्याचं आंबवलेलं पेय. चारपाच माणसांची रांग होती. फिदेन्सिओ रांगेत उभा राहिला.

"मोठा की लहान?" अन्सेल्मोने मान वर केली नाही.

"लहान."

"लिंबाचा बर्फ घालू? सोसेल ना तुमच्या दातांना?"

"'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलास मला?"

"गिऱ्हाइकाला अहो-जाहो करतो मी."

मागे लोक होते. बरंच झालं, फिदेन्सिओला वाटलं, तेव्हाही लोक होतेच. "ते भांडं मी टाकलं होतं," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ओदिलियाचं. तुझी काही चूक नव्हती."

अन्सेल्मो बर्फ खरवडत राहिला. "माहीत आहे."

"कसं?"

"भांड्याच्या गळ्याचा लोखंडी पट्टा काढून तू खिळ्याला अडकवला होतास. बायको गेली तरी काचेत लोखंड जाऊ देणार नाहीस तू. पेले तडकले त्याच दिवशी पट्टा बघितला मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी बायको जाऊन दहा दिवस झाले होते. लोकांना पट्टा दाखवत बसू?" आता तो 'तुम्ही' म्हणायचं विसरला होता. "वाटलं, येशील. पहिलं वर्षभर दार वाजलं की आमची ही म्हणायची, कोम्पाद्रे असेल बघ. निघायचा गॅसवाला."

"आता आलोय. चल, सळई धर. नाहीतर आज भट्टी बंद करतोय मी."

अन्सेल्मोने तोंड त्याच्याकडे वळवलं. उजव्या डोळ्यावर दुधासारखा पडदा होता. "बर्फ ग्लासात पडतो का माझ्या बुटावर, तेही कळत नाही एकेकदा. बुडाचा मध्य कसा सापडायचा? दोन वर्षांपूर्वी दिसत होतं."

"रागावून बोलतोयस."

"राग असता तर आलो असतो. भांडायला तरी."

मागची बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाली, "अहो, तो ग्लास कुणाचा? वितळून चाललाय."

"यांचा," अन्सेल्मो म्हणाला, आणि प्लॅस्टिकचा ग्लास पुढे केला.

फिदेन्सिओने तिथेच उभ्याने पिऊन टाकलं आणि घरी आला. गॅसची चावी फिरवली. भट्टीची घरघर इतकी वर्षं त्याच्या कानाला जाणवतही नव्हती. ती थांबली तेव्हा पलीकडच्या कोंबड्यांचा आवाज एकदम जवळ आला.

रविवारी दुपारी मुशीतून टिकटिक सुरू झाली. मग तड्, पुन्हा तड्. तो स्टूल ओढून समोर बसला.

"आवाज येतोय," एर्लिंदा भिंतीपलीकडून म्हणाली. "अन्सेल्मो आला वाटतं कामाला."

"नाही. काच गार होतेय."

तिने भिंतीवरून डोकं वर काढलं. "पोसोलेचं सूप केलंय. जेवायला या."

"येतो," तो म्हणाला. पण आतली काच तडकायची थांबेपर्यंत तो उठला नाही.