मशीनमध्ये नसलेलं गाणं

"तुमचे मिस्टर फार सुंदर गायचे," मोरी म्हणाले.

त्यांचं मोडकंतोडकं इंग्रजी आपल्याला नीट कळलं नाही, असं सुहासिनीला वाटलं. "कोण?"

"दांडेकर-सान."

शेजारी बसलेली उत्तरा हसलीच. "बाबा? नो वे!"

जगन्नाथला जाऊन महिना होत आला होता. इथे अमेरिकेत, ट्रॉय शहरातल्या त्याच्या कंपनीने गाड्यांच्या ब्रेकचं काम ओसाकाच्या कंपनीबरोबर सुरू केलं, तेव्हापासून त्याचं अर्धं वर्ष तिकडेच जायचं. तिथल्या हॉटेलात झोपेतच हार्ट अटॅक आला. मोरी त्याचे तिथले सहकारी. कामासाठी अमेरिकेत आले, तसे भेटायलाही आले.

घरी असला की जगन्नाथ जेवायचा, टीव्हीवरच्या बातम्या बघायचा, दिवा मालवायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने आंघोळ करतानाही कधी काही गुणगुणल्याचं तिला आठवेना.

"फॅक्टरीतून सुटायलाच दहा वाजायचे," मोरी सांगू लागले. "मग आम्ही सगळे ओसाकातल्याच नांबाला. चौथ्या मजल्यावर एवढासा बार. कराओके मशीनवर गाण्याचं नुसतं संगीत लावायचं आणि प्रत्येकाने माइक घेऊन गायचं. शेवटची ट्रेन गेली तरी कोणाला घरी जायचं नसायचं." ते एकदम ओशाळले. "सॉरी."

"नाही नाही, सांगा ना."

"दांडेकर-सानचं गाणं मशीनमध्ये नव्हतं. मग मालकीणबाई मशीन बंद करायच्या. सगळे ग्लास खाली ठेवायचे. एकदा तर आमचे साहेब रडले."

त्यांनी खिशातून फोटो काढून दिला. जगन्नाथने टाय कपाळाला बांधला होता, माइक दोन्ही हातांत धरला होता, डोळे मिटले होते. चेहरा त्याचाच होता. त्यावरचं सुख मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

"नेहमी तेच एक गाणं. अर्थ विचारला की म्हणायचे, उद्या सांगतो." मोरींनी डोळे मिटून ती चाल गुणगुणली. मग, तिला कळली नसेल असं वाटून, पुन्हा एकदा.

सुहासिनीने कानांत प्राण आणून ऐकलं. आरती नव्हती, भावगीत नव्हतं, सिनेमातलंही नव्हतं. त्याच्या लहानपणचं असेल. कुणी शिकवलेलं असेल. आता विचारायचं तरी कोणाला?

"अर्थ काय त्याचा?" मोरी आशेने तिच्याकडे बघत होते.

"नवरा परगावी निघालाय," ती सावकाश म्हणाली. "बायको म्हणते, जपून जा. यायला कितीही उशीर होऊ दे, मी जागी आहे."

मोरींनी मान हलवली. चष्मा काढून डोळे पुसले. निघताना ते दारात कंबरेत खोल वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले.

गाडी वळून दिसेनाशी झाली, तशी उत्तरा मागोमाग किचनमध्ये आली. "आई, यू न्यू दॅट साँग? मला का नाही कधी सांगितलंस? शिकव ना."

"शिकवीन हं."

"नाऊ, आई. प्लीज."

सुहासिनीने नळ पूर्ण सोडला आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला घेतला.